‘अलाइन’ आणि ‘डिस्ट्रिब्यूट’: कडा कुणी जुळवायच्या, अंतर कुणी राखायचं

पॉवर बीआय डेस्कटॉप या आकडेवारीचे रिपोर्ट बनवायच्या प्रोग्रॅममध्ये तीन-चार कार्डं (एकेक आकडा दाखवणारे चौकोन) सिलेक्ट करून रिबनवरच्या फॉरमॅट टॅबमध्ये ‘अलाइन’ दाबलं, की एक यादी उघडते. त्यात लेफ्ट, सेंटर, राइट, टॉप, मिडल, बॉटम असे सहा पर्याय असतात आणि डिस्ट्रिब्यूटचे दोन, आडवा आणि उभा. सगळे एकाच यादीत असल्यामुळे पुष्कळांना ही एकाच कामाची बटणं वाटतात. मग ‘अलाइन तर केलं, तरी वाकडं का दिसतंय?’ हा प्रश्न येतो.

अलाइन कडा जुळवतं, डिस्ट्रिब्यूट मधली मोकळी जागा सारखी करतं. बागेत दोरी धरून हापूसची कलमं एका ओळीत लावणं वेगळं आणि दोन कलमांत दहा मीटर सोडणं वेगळं. दोरी कितीही ताठ धरली तरी अंतर मोजायचं काम उरतंच.

समजा, हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे आणि मालवण या चार बंदरांवर उतरलेल्या मासळीचा रिपोर्ट करायचाय. वर चार कार्डांची ओळ, उत्तरेकडून दक्षिणेकडे. पान 1280 बाय 720 पिक्सेलचं. (720 किलोमीटर हीच आपल्या किनाऱ्याची लांबी शाळेत पाठ केलेली, तेव्हा आकडा लक्षात राहायला हरकत नाही.)

कंट्रोल धरून चारही कार्डं सिलेक्ट करा आणि अलाइन टॉप द्या. सगळी कार्डं त्यांच्यातल्या सर्वांत वरच्या कार्डाच्या कडेला जातात. म्हणजे मालवणचं कार्ड चुकून वर सरकलेलं असेल, तर बाकीची तिघंही त्याच्यामागे वर जाणार. म्हणून आधी एक कार्ड नक्की जागेवर बसवा. एकच वस्तू सिलेक्ट असेल तर अलाइन तिला थेट पानाच्या कडेला नेतं. आणि आडव्या ओळीला चुकून अलाइन लेफ्ट दिलंत, तर चारही बंदरं एकमेकांवर चढतात. कंट्रोल झेड आहेच.

डिस्ट्रिब्यूटचा हिशेब निराळा. टोकाच्या दोन वस्तू जागच्या हलत नाहीत, मधल्या सरकतात. त्यामुळे किमान तीन वस्तू लागतात. दोघांत वाटायला अंतर एकच असतं. डावीकडे-उजवीकडे 20-20 पिक्सेलचा समास सोडला, तर 1240 उरतात. 280 रुंदीची चार कार्डं 1120 खातात. राहिलेले 120 तीन फटींत वाटले की प्रत्येकी 40. म्हणून कार्डांच्या डाव्या कडा 20, 340, 660 आणि 980 वर. फॉरमॅट पेनमध्ये (बाजूच्या पट्टीत) जनरल, मग प्रॉपर्टीजमध्ये पोझिशन उघडून हे आकडे ताडून पाहता येतात, किंवा सरळ टाइपही करता येतात. मला तर टाइप करणंच जास्त भरवशाचं वाटतं.

खरी गंमत रेघांनी होते. दोन कार्डांमध्ये उभी रेघ हवी म्हणून लाइन शेप टाकला, तर आपल्याला दिसते रेघ, पण प्रोग्रॅम मोजतो तिच्याभोवतीची चौकट. अलाइन असो वा डिस्ट्रिब्यूट, दोन्ही चौकटीच पाहतात. तीन रेघांच्या चौकटी 20-20 रुंदीच्या असतील, तर चार कार्डं नि तीन रेघा मिळून डिस्ट्रिब्यूट केल्यावर सगळं चोख बसतं: प्रत्येक फट 10 पिक्सेलची, कार्डं जिथल्या तिथे. पण चौकटी हाताने ओढून 30, 10 आणि 20 झाल्या असतील, तर चौकटींमधली अंतरं तेवढीच राहून कार्डांमधली मात्र 50, 30 आणि 40 होतात. बटणाने आपलं काम बरोबर केलेलं असतं, आपण मात्र स्क्रीनकडे बघून त्यालाच दोष देतो. उपाय साधा: पहिली रेघ नीट करा आणि तीच कॉपी-पेस्ट करा. किंवा लाइनऐवजी अगदी कमी रुंदीचा रेक्टँगल घ्या, बॉर्डर बंद करा. मग दिसतं ते आणि मोजलं जातं ते यांत फारसा फरक राहत नाही.

आता माझं मत. या रिपोर्टमध्ये तीन रेघा मुळात नकोतच. हर्णै, मिरकरवाडा आणि साखरीनाटे रत्नागिरी जिल्ह्यात, मालवण सिंधुदुर्गात. रेघ हवी ती जिल्हा बदलतो तिथे, आणि तिथली फटही मोठी हवी: 30, 30 आणि मग 60. चौघांना एकत्र डिस्ट्रिब्यूट केलं तर हा फरक पुसला जाईल. म्हणून साखरीनाटेचं कार्ड 640 वर, मालवणचं 980 वर ठेवा आणि डिस्ट्रिब्यूट फक्त पहिल्या तिघांना द्या. मिरकरवाडा आपोआप 330 वर येतं. 20 रुंदीच्या चौकटीतली रेघ 940 वर ठेवली, की ती मोठ्या फटीच्या बरोबर मध्यावर पडते.

क्रम मात्र पाळा: आधी सगळ्यांची रुंदी-उंची सारखी, मग अलाइन, शेवटी डिस्ट्रिब्यूट. डिस्ट्रिब्यूटनंतर रुंदी बदललीत तर फटींचा हिशेब पुन्हा करावा लागतो. व्ह्यू टॅबमधलं स्नॅप टू ग्रिड हाताने ओढताना उपयोगी पडतं, पण ते ग्रिडला, म्हणजे पानावर आखलेल्या जाळीला चिकटवतं, शेजारच्या कार्डाशी अंतर जुळवत नाही. जुळणी झाली की त्याच टॅबमधलं लॉक ऑब्जेक्ट्स चालू करा. नाहीतर फिल्टर बघायला आलेला सहकारी जाता जाता मालवण सरकवून जातो.