प्रेशर गेज (बोर्डन दाबमापी)

बॉयलर, कॉम्प्रेसर, पंप किंवा शीतगृहातील वायूचा अथवा द्रवाचा दाब विजेशिवाय दाखवणारे उपकरण. यातील बोर्डन नळीचे पेटंट फ्रान्सच्या यूजेन बोर्डन यांनी १८४९ मध्ये घेतले. रचना आजही मुळात तीच आहे.

नळी चपटी, लंबवर्तुळाकार छेदाची आणि सुमारे २५० अंशांत वाकवलेली असते. एक टोक सॉकेटला (गेज लाइनला जोडणाऱ्या भागाला) पक्के, दुसरे बंद पण मोकळे. दाब वाढला की चपटा छेद गोल होऊ पाहतो आणि नळीचा बाक उलगडतो. मोकळे टोक जेमतेम काही मिलिमीटर सरकते. ही हालचाल लिंकमार्फत दातेरी सेक्टरला आणि त्यातून पिनियनला (छोट्या दातेरी चाकाला) मिळते. पिनियनवरचा काटा २७० अंशांपर्यंत फिरतो. हेअरस्प्रिंग (बारीक गुंडाळलेली स्प्रिंग) दातांमधली ढील काट्यात उतरू देत नाही.

कमी दाबाला फॉस्फर ब्राँझची नळी चालते. अमोनियाच्या शीतगृहात मात्र स्टेनलेस स्टीलच हवे, कारण अमोनियाने तांब्याच्या मिश्रधातूला तडे जातात. वाफेच्या लाइनवर सायफन (पाणी धरून वाफ अडवणारी वाकवलेली नळी) अनिवार्य समजावा, आणि व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी तो पाण्याने भरावा. कोरडा सायफन गरम वाफ थेट नळीत सोडतो.

नागपूरच्या उन्हाळ्याचा इथे थेट संबंध येतो. गेजची अचूकता २० अंश सेल्सिअसला धरलेली असते. त्यापुढे दर १० अंशांना पूर्ण पट्टीच्या (गेजच्या कमाल वाचनाच्या) सुमारे ०.४ टक्के चूक वाढते, कारण तापलेली नळी नरम पडते आणि काटा जास्त दाखवतो. म्हणजे मे महिन्यात ४५ अंशांना ०–१६ किलो/चौ.सेंमी.च्या गेजवर साधारण ०.१६ किलो/चौ.सेंमी.ची चूक. नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगणा औद्योगिक वसाहतींतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आणखी वाढू शकते. ग्लिसरीन भरलेल्या बंद गेजमध्ये उलटे घडते: द्रव प्रसरण पावून डब्यात दाब वाढतो आणि काटा शून्याच्या खाली जातो. डब्यावरची व्हेंट (हवेचे छिद्र) उघडली की तो जागेवर येतो.

गेज वातावरणापेक्षा किती जास्त दाब आहे तेच सांगतो. वाफेचे कोष्टक निरपेक्ष दाबाचे (निर्वातापासून मोजलेल्या दाबाचे) असेल तर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीच्या नागपुरात वाचनात ०.९७ बार मिळवावेत.

निवडताना स्थिर दाब पट्टीच्या तीन-चतुर्थांशाच्या आत ठेवावा, चढउताराचा असल्यास दोन-तृतीयांशाच्या. पिस्टन कॉम्प्रेसरवर स्नबर (दाबाचे झटके शमवणारा भाग) नसेल तर सेक्टरचे दात एकाच जागी झिजतात. बसवताना पाना सॉकेटच्या चौकोनाला लावावा. डबा धरून पिळल्यास आतली जुळणी हलते.

दाब काढल्यावरही काटा शून्यावर येत नसेल, तर बहुधा नळी अतिदाबाने कायमची ताणली गेली आहे. असा काटा उपटून शून्यावर बसवण्याची सवय धोकादायक आहे: शून्य बरोबर दिसते, वरची वाचने चुकीचीच राहतात. डेडवेट टेस्टरवर (ठराविक वजनांनी अचूक दाब देणाऱ्या यंत्रावर) चढत्या आणि उतरत्या दोन्ही दाबांना तपासणी करावी. चूक ठरलेल्या मर्यादेबाहेर असल्यास गेज बदलावा.