पिढीजात अबोला मोडणं

भांडण झालं की बोलणंच बंद करायचं, आजोबांनी केलं, मग वडिलांनी केलं, आता मुलगाही तेच करतो, ही घरातली रीत कुणीतरी ठरवून थांबवणं. मारहाण, दारू, मुलगा-मुलगी भेद हेही असेच पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, पण बडोद्यातल्या दांडियाबाजार-रावपुऱ्याकडच्या जुन्या मराठी घरांत अबोला हा प्रकार फार मुरलेला, आणि त्यात कुणी आवाज चढवत नाही म्हणून तो वाईट वाटतच नाही.

चालतं कसं, तर आई सात-आठ वर्षांच्या पोराला सांगते, "बाबांना सांग, पान वाढलंय", आणि बाबा तिथेच दोन हातांवर पेपर वाचत असतात, तेही म्हणतात, "सांग तिला, भूक नाही". अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन (१९१३–१९९०) याला त्रिकोण म्हणायचे, म्हणजे दोघांमधला ताण तिसऱ्याच्या डोक्यावर, आणि तो तिसरा बहुतेक वेळा घरातलं लहान पोरच. तेच पोर मोठं होऊन बायकोशी बोलणं टाकतं, फक्त आता निरोप फॅमिली ग्रुपवर जातात.

सयाजीरावांच्या बडोदा संस्थानात १९०४ ला बालविवाह प्रतिबंधक कायदा आला, १९३१ ला हिंदूंना घटस्फोटाचा कायदाही मिळाला. लग्नाचं वय, लग्न मोडणं हे कायद्याने बदलता आलं, पण रुसून बसायच्या सवयीला कुठला कायदा लावणार!

समुपदेशक आधी तीन पिढ्यांचा जेनोग्राम, म्हणजे घरातल्या नात्यांचा नकाशा, काढायला लावतात, पुरुष चौकोन, बाई गोल, भांडण नागमोडी रेघ. कोण कुणाशी किती वर्षं बोललं नाही हे कागदावर आलं की काही जण गप्पच होतात. मग एवढंच करायचं की निरोप्या व्हायचं नाही, "तूच सांग ना बाबांना", बस्स. यावर घर आधी चिडतं, "फार शहाणा झालास", आणि पहिल्यासारखं वागायला ओढतं, बोवेननी हेही नोंदवलंय, म्हणून लोक इथेच सोडून देतात. दुसरी पळवाट म्हणजे माहेर-सासर कायमचं तोडून पुण्याला निघून जायचं, पण बोवेनच्या मते त्याने फक्त अंतर वाढतं, सवय सोबतच येते, आणि मलाही ते पटतं.

मारहाण असेल तर मात्र हे धीराचं प्रकरण लागू नाही, तिथे आधी सुरक्षित जागी जायचं, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा त्यासाठीच आहे. नुसतं मन मोकळं करायचं असेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट.