छोटं रिव्हॉल्व्हर आणि बत्तीस बोअर : ग्वाल्हेरकडून बघितलेली पार्श्वभूमी

स्वसंरक्षणासाठी छोटं रिव्हॉल्व्हर चांगलं की वाईट, हा वाद परदेशात होतो तेव्हा समोर दहा-वीस प्रकारची रिव्हॉल्व्हरं असतात आणि त्यातून निवडायचं असतं. आपल्याकडे, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर किंवा मुरार भागातल्या दुकानात गेलं की काउंटरवर येतं ते बत्तीस बोअर (नळीचं माप .३२ इंच), आणि फार तर एखादं बावीस. तेव्हा गुण-दोष तपासायचे तर आधी हे बत्तीसच का, ते बघावं लागतं, कारण या हत्याराचे अर्धे दोष कारखान्यातून आलेले नाहीत, ते नियमातून आलेले आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

जुना इतिहास थोडक्यात. फिरत्या सिलिंडरचं पेटंट अमेरिकेत १८३६ चं, खिशात मावणारी इंग्रजी बुलडॉग रिव्हॉल्व्हरं १८७० च्या दशकातली, दोन इंची नळीचं सहा गोळ्यांचं ३८ अमेरिकेत १९२७ ला आलं आणि पाच गोळ्यांचं त्याहून लहान ३८ हे १९५० मधे. आज छोटं रिव्हॉल्व्हर म्हटलं की जगभर जो आकार डोळ्यासमोर येतो तो या शेवटच्या दोघांचा. आपल्या बत्तीस बोअरमधे चालणारं बत्तीस लाँग काडतूस मात्र १८९६ चं आहे, म्हणजे सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं, आणि त्याचा जोर या अमेरिकन ३८ मधल्या ३८ स्पेशल काडतुसाच्या साधारण निम्म्यावर येतो.

आता मुख्य मुद्दा, प्रतिबंधित बोअर. १८७८ चा शस्त्र कायदा ब्रिटिश इंडियाचा, ग्वाल्हेर संस्थान त्याच्या हद्दीबाहेर, पण इंग्रजांच्या धोरणातली एक गोष्ट पुढे सगळ्यांच्याच गळ्यात आली ती अशी की फौजेचं काडतूस ज्या हत्यारात चालतं ते हत्यार नागरिकाच्या हाती नको. कारण सरळ होतं, छावणीतून काडतुसं चोरीला गेली तरी बाहेर कुणाच्या बंदुकीत ती बसू नयेत. स्वतंत्र भारताने १९५९ चा कायदा केला, १९६२ चे नियम केले आणि हे सूत्र जसंच्या तसं उचललं. नियमाची भाषा अशी की .३८० आणि .४५५ चं रिम (बुडाला बाहेर आलेली कड) असलेलं काडतूस, किंवा सर्व्हिसचं म्हणजे फौजेचं ९ मिमी आणि .४५ चं बिनरिमचं काडतूस ज्यात बसून उडू शकतं ते कुठल्याही बोअरचं पिस्तूल, रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित. २०१६ ला नवे नियम आले तेव्हाही ही व्याख्या तशीच राहिली. त्याच नियमाने ३०३ ची रायफल गेली आणि ३१५ आली, जी आज भिंड-मुरैन्यात आणि आपल्या शहरात लग्नाच्या मांडवापासून बँकेच्या दारापर्यंत खांद्यावर दिसते. म्हणजे ३१५ ची रायफल आणि बत्तीसचं रिव्हॉल्व्हर ही एकाच नियमाची दोन लेकरं.

यात मला खटकणारी गोष्ट ही की कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं बत्तीस रिव्हॉल्व्हर बनलं ते इंग्रजी फौजेच्या ३८ रिव्हॉल्व्हरच्याच धर्तीवर. हातात घेऊन बघा. अंगठ्याने वरची कळ दाबायची, नळी पुढे खाली झुकते, सिलिंडरच्या मधली चांदणी वर उठते आणि सहाही पुंगळ्या एकदम तळहातावर पडतात, जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरमधे होतं अगदी तसंच. सांगाडा ३८ चा जोर झेलायला आखलेला, वजनही त्या हिशोबाचं, आणि आत मात्र बत्तीसचं काडतूस. वजन पूर्ण वाहायचं आणि जोर कमी मिळवायचा. चोरलेली काडतुसं चालू नयेत हा हेतू १९६२ ला पटण्यासारखा असेलही, पण गुन्हेगाराच्या हातातला देशी कट्टा ३१५ चा किंवा १२ बोअरचा असतो, त्याला ही व्याख्या कुणी वाचून दाखवलेली नाही. नियम पाळणारा तेवढा बत्तीसवर थांबतो. दुसरी बाजूही आहे, बोअर मोकळं केलं तर पोलिसांचा दारूगोळा बाजारात झिरपेल अशी धास्ती अधिकाऱ्यांना वाटते आणि ती अगदीच पोकळ नाही, फक्त तिची किंमत कोण मोजतंय हे बोललं जात नाही.

त्यावर ऐंशीच्या दशकात आयात बंद झाली. मग आधी आलेली विलायती बत्तीस तेवढी एका लायसन्सवरून दुसऱ्यावर फिरत राहिली आणि पन्नास-साठ वर्षं जुन्या, स्प्रिंग थकलेल्या रिव्हॉल्व्हरला लाखांत भाव आला. या जुन्या मालाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे कारण ती जिवाशी आहे: बऱ्याच जुन्या डिझाइनमधे हॅमर खाली असताना त्याचं टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकतं, मधे अडथळा नसतो, आणि हातातून पडून हॅमरवर आपटलं तर गोळी सुटू शकते. अशा रिव्हॉल्व्हरमधे हॅमरखालचं घर (सिलिंडरमधला काडतुसाचा कप्पा) रिकामं ठेवायचं, सहाचं हत्यार पाचचं समजायचं. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

आमच्या भागाचं वेगळंच आहे. १९७२ ला मुरैन्याकडच्या जौऱ्याला बागींनी, म्हणजे चंबळच्या डाकूंनी, मोठ्या संख्येने हत्यारं खाली ठेवली, पुढे १९८३ ला भिंडला आणखी काही, पण घरात बंदूक असणं ही प्रतिष्ठा त्याने काही कमी झाली नाही. लायसन्सची ओढ इतकी की २००८ ला शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला लायसन्समधे प्राधान्य द्यायची योजना निघाली होती आणि २०१९ ला ग्वाल्हेरात अर्जदारांना दहा झाडं लावून त्यांच्यासोबत सेल्फी जोडायला सांगितलं गेलं. झाडं लागली हे चांगलंच, पण अर्जदाराला हत्यार चालवता येतं का, चाप ओढायला बोटात बळ आहे का, हे त्यात कुठे आलं? २०१६ च्या नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट आहे. माझ्या मते सगळा जोर तिथे हवा होता.

२०१४ च्या जानेवारीत निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर आलं. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर बायकांसाठी म्हणून आणलेलं, अर्धा किलो वजनाचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सव्वा लाखाच्या आसपास किमतीचं आणि बोअर पुन्हा बत्तीसच. टीका तेव्हाच झाली, की जिला रात्री सवारीच्या टेंपोत बसून घरी जावं लागतं तिच्याकडे सव्वा लाख असते तर ती टेंपोत बसली नसती, आणि ती टीका खरीच होती. त्यानंतर बंगालच्या ईशापूरचं बावीस आलं, निडर नावाचं, पाव किलोचं, किंमत बरीच कमी. हलकं इतकं की पर्समधे कळतसुद्धा नाही, पण बावीसच्या काडतुसाचा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि मिसफायरचं प्रमाण त्यात जास्त, शिवाय जोर बत्तीसहूनही कमी. हलकं म्हणजे चांगलं हा समज इथे उलटा पडतो, वजन घटलं की झटका वाढतो आणि नेम हलतो. बावीसला झटका नसल्यात जमा असल्यामुळे ते निभतं. बत्तीसमधे जाणवायला लागतं आणि म्हणून मी तरी म्हाताऱ्या माणसाला किंवा नवशिक्याला जरा जड बत्तीसच सुचवेन.

गुण म्हणाल तर ते आजही तेच. मिसफायर झालं तर काही करायचं नाही, पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात तीच वेळ आली तर स्लाइड मागे ओढायला दुसरा हात लागतो आणि तो हात बहुतेक वेळा समोरच्याला ढकलण्यात गुंतलेला असतो. मॅगझिनची स्प्रिंग नाही, महिनोन् महिने भरलेलं पडून राहिलं तरी चालतं. दोष तितकेच खरे: पाच-सहा गोळ्या, त्या संपल्या की भरायला वेळ, लहान नळीमुळे नेम धरायच्या माशी आणि खाचेतलं अंतर कमी म्हणून बारीक चूकही लक्ष्यावर मोठी होते, आणि चाप जड, चार-पाच किलोच्या आसपास ओढ लागते. सराव नसेल तर ओढताना नळी खाली जातेच. आणि सरावाला काडतुसं मोजून मिळतात, किती घ्यायची ते लायसन्सवर लिहिलेलं असतं.

२०१९ च्या डिसेंबरात कायदा बदलला. मूळ विधेयकात एका माणसाला एकच हत्यार होतं, गदारोळ झाल्यावर दोन झालं, आधी १९८३ पासून तीन चालत होती. लायसन्सची मुदत तीनाची पाच वर्षं झाली आणि लग्नातल्या फायरिंगला दोन वर्षांपर्यंतची कैद आली, जी आमच्याकडे फार आधीच यायला हवी होती. ज्या घरात आजोबांची दोनाली (दोन नळ्यांची बंदूक), वडिलांची ३१५ आणि एक बत्तीस एकाच नावावर होतं तिथे एक सोडावं लागलं, आणि माझ्या माहितीतल्या घरांत गेली ती दोनालीच. शहरात रिव्हॉल्व्हर कमरेला दिसायचं वाढलं त्याला हेही एक कारण. खरं तर दिसायलाच नको, २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमधे आणि पूर्ण झाकलेलं हवं.

ऑगस्ट २०२३ ला कानपूरहून प्रबल नावाचं रिव्हॉल्व्हर आलं. जाहिरात झाली ती ५० मीटर पल्ल्याची, पण स्वसंरक्षणाचा प्रसंग चार-पाच पावलांवर येतो, तिथे ५० मीटर काय करायचे. त्यातली कामाची गोष्ट वेगळीच, सिलिंडर बाजूला उघडतं. सांगाडा मधून मोडत नाही म्हणून बिजागरी ढिली व्हायचा जुना त्रास गेला. नळी ७६ मिमी, वजन सातशे ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे झटकाही सोसतो. पण बोअर बत्तीसच.

आणि ज्यांनी तेव्हा हौसेने बुकिंग केलं त्यांच्यापुढे लगेच ९ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, हत्यारं पोलीस थान्यात जमा, मग मार्च २०२४ ला लोकसभेची, पुन्हा जमा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मधे बारा महिने आहे, हत्यार मात्र निवडणुकीच्या महिन्यांत कपाटात नसतं. ज्याला खरोखर धोका आहे, आधीची तक्रार नोंद आहे, त्याने जिल्ह्याच्या छाननी समितीकडे सूट मागावी. अर्ज कलेक्टोरेटमधे देता येतो आणि आचारसंहिता लागल्या लागल्या दिलेला बरा, कारण नंतर थान्यात रांग लागते आणि कुणाचं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो.