प्रिंटरचा आयपी हाताने टाकण्याआधी हे वाचा

"काल प्रिंट येत होती, आज प्रिंटर ऑफलाइन दाखवतो." नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांतून आणि कॉलेज रोडवरच्या ऑफिसांतून आम्हाला सर्वांत जास्त फोन याचेच येतात. प्रिंटर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. घोळ पत्त्याचा असतो.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो: ० ते २५५ मधले चार आकडे. सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग सगळ्यांचा सारखा, हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे, शेवटचा ज्याचा त्याचा. शेवटी ० आणि २५५ कोणालाच देता येत नाहीत, म्हणून जागा २५४. त्यातली एक राउटरची, बहुधा १९२.१६८.१.१, हाच गेटवे, म्हणजे बाहेर इंटरनेटकडे जाण्याचा दरवाजा. कॉम्प्युटर-मोबाइलना राउटर आपल्याकडच्या पत्त्यांच्या साठ्यातून ठरावीक मुदतीपुरता पत्ता आपोआप देतो, त्याला डीएचसीपी म्हणतात.

चूक होते ती इथे. राउटरने प्रिंटरला दिलेला पत्ता कधीतरी बदलतो, विंडोज मात्र जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत राहते. मग कुणीतरी प्रिंटरच्या मेनूत जाऊन त्या वेळी दिसणारा पत्ता, समजा १९२.१६८.१.१०५, 'मॅन्युअल' करून टाकतो. आठवडाभर सुरळीत चालते. पण हा पत्ता राउटरच्या साठ्यातला आहे, आणि तो कायमचा अडवल्याचे राउटरला माहीतच नाही. रात्री प्रिंटर बंद असतो. वीज जाऊन आली की बरेच राउटर वाटपाची यादीच विसरतात. १०५ कुणाच्या तरी मोबाइलला मिळतो, आणि सकाळी प्रिंटर चालू केला की एका पत्त्यावर दोघे. प्रिंट कधी येते, कधी नाही. ड्रायव्हर कितीदा टाकला तरी हे सुटत नाही.

खात्री करायची तर प्रिंटर बंद करा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये तोच पत्ता पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे पत्ता टाका; तिथे कोणी असेल तर सहसा उत्तर येते. तरीही उत्तर आले तर तिथे दुसरे कोणी बसले आहे. मात्र 'होस्ट अनरीचेबल' हे तुमच्याच कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून येते, ते उत्तर धरू नका. कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रकार वेगळा: राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी केबल आणि नेटवर्क स्विच (केबली एकत्र जोडणारा डबा) पाहा.

आम्ही राउटरचा साठा शेवटचा आकडा १०० ते १९९ एवढाच ठेवतो. प्रिंटर २१ ते ४०, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारे यंत्र) आणि हजेरीचे मशीन ४१ ते ६०. पत्ता यंत्रावरच्या स्टिकरवर, पूर्ण तक्ता राउटरशेजारी भिंतीवर. याला जोडणीच्या दिवशी अर्धा-पाऊण तास जादा लागतो आणि त्याचे वेगळे पैसे का, असे विचारले जाते. तक्ता नसला की बिघाडाच्या दिवशी एकेक यंत्र उघडून पत्ता शोधावा लागतो, आणि तोवर तुमचे बिलिंग थांबलेले असते. राउटरमधले रिझर्व्हेशनही, म्हणजे एक पत्ता एकाच यंत्रासाठी राखून ठेवणेही चालते, पण राउटर बदलला की ती नोंद जाते. म्हणून आम्ही साठ्याबाहेरचा पत्ताच देतो.

इंटरनेट कंपनी नवा राउटर बसवणार असेल तर आदल्या दिवशी कळवा. त्याचा पत्ता पुष्कळदा वेगळा असतो. तो जुन्यासारखा केला नाही तर प्रिंटर, डीव्हीआर सगळेच दिसेनासे होते. वार्षिक देखभाल करारात हा बदल आणि नवा तक्ता धरलेला आहे. करार नसेल तर भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो पाठवा, निम्मे काम फोनवरच होते.