स्टीव्हियातील प्रतिलेखन घटकांची जनुककुले

स्टीव्हिया रिबॉडियाना या गोड पानांच्या वनस्पतीत इतर जनुकांचे प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनण्याची क्रिया, सुरू करणारी, वाढवणारी किंवा रोखणारी प्रथिने ज्या जनुकांपासून तयार होतात, त्या जनुकांचे गट. या प्रथिनांना प्रतिलेखन घटक म्हणतात. एका गटातील जनुके एकाच पूर्वज जनुकाच्या द्विरावृत्तीने निर्माण झालेली असतात आणि त्यांच्या प्रथिनांत डीएनएला चिकटणारा भाग सारखा असतो. एमवायबी, बीएचएलएच, डब्ल्यूआरकेवाय, एपी२/ईआरएफ, एनएसी, बीझिप व एसबीपी ही त्यांतील अधिक अभ्यासली गेलेली कुले होत. येथे ‘कुल’ हा शब्द जनुकांच्या गटासाठी वापरला आहे. वनस्पतीचे स्वतःचे कुल सूर्यफुलाचे, म्हणजे ॲस्टरेसी. दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात येतात तेव्हा वाचकाची फसगत होते, म्हणून हा खुलासा.

वनस्पती मूळची पॅराग्वेच्या ईशान्य भागातील असून ग्वारानी लोक तिची पाने पूर्वापार वापरत आले आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ मोइसेस बेर्तोनी यांनी १८९९ मध्ये तिचे वर्णन युपॅटोरियम प्रजातीखाली केले व १९०५ मध्ये तिला स्टीव्हिया प्रजातीत आणले. जातीचे नाव रसायनशास्त्रज्ञ ओव्हिदियो रेबाउदी यांच्यावरून पडले. पानांतील स्टीव्हिओसाइड १९३१ मध्ये ब्रिडेल व लाव्हिएल या फ्रेंच संशोधकांनी वेगळे केले. ते साखरेच्या सुमारे ३०० पट गोड असते.

नियंत्रण कशाचे? गोडी देणारी सर्व ग्लायकोसाइडे स्टीव्हिऑल या २० कार्बनी डायटर्पिनावर ग्लुकोजसारख्या शर्करा जोडून बनतात. सुरुवातीच्या पायऱ्या हरितलवकात, ऑक्सिडीकरणाच्या पायऱ्या अंतर्द्रव्य जालिकेवर आणि शर्करा जोडण्याचे काम पेशीद्रवात होते. तयार माल रिक्तिकेत साठतो. कौरेनॉइक आम्लापर्यंतचा मार्ग जिबरेलिन या वाढ-संप्रेरकाच्या मार्गाशी समाईक आहे. त्या आम्लाच्या १३व्या कार्बनावर हायड्रॉक्सिल गट बसला तर स्टीव्हिऑल मिळते. ७व्या कार्बनावर बसला तर रेणू जिबरेलिनाच्या वाटेला लागतो. संप्रेरक अत्यल्प प्रमाणात लागते, तर स्टीव्हिओसाइड सुक्या पानाच्या वजनाच्या अनेकदा ५ ते १० टक्के भरते. एकाच सामायिक वाटेवरून इतक्या विषम प्रमाणात दोन उत्पादने निघतात आणि झाड तरीही ना खुजे राहते ना अवास्तव वाढते. हा तोल कोण राखते, या प्रश्नामुळेच प्रतिलेखन घटकांकडे लक्ष वळले. स्टीव्हियात या समाईक मार्गावरील कौरीन सिंथेज व कौरीन ऑक्सिडेज या विकरांची प्रत्येकी दोन जनुके आढळली आहेत. त्यामुळे गोडीसाठी जुन्या मार्गाची दुसरी प्रत कामाला लावली गेली, असे मानण्यास जागा आहे.

शर्करा जोडणाऱ्या विकरांपैकी यूजीटी८५सी२, यूजीटी७४जी१ व यूजीटी७६जी१ यांची ओळख २००५ मध्ये पटली. यांतील यूजीटी७६जी१ स्टीव्हिओसाइडला आणखी एक ग्लुकोज जोडून रेबॉडिओसाइड-ए बनवते. हे दुसरे संयुग चवीला अधिक स्वच्छ आणि मागे कमी कडसर चव ठेवणारे असल्याने नियामकांचा शोध बहुतेक वेळा याच जनुकाच्या प्रवर्तकापासून, म्हणजे जनुकाच्या आधीच्या नियंत्रक पट्ट्यापासून, सुरू होतो.

डब्ल्यूआरकेवाय कुल व त्याच्या उगमाचा वाद. प्रथिनातील ट्रिप्टोफॅन, आर्जिनीन, लायसीन व टायरोसीन या चार सलग ॲमिनो आम्लांच्या अक्षरांवरून हे नाव आले; उच्चार ‘वर्की’. त्यांच्या पुढे सहसा ग्लायसीन, ग्लुटामीन व लायसीन येतात आणि मागोमाग जस्ताचा अणू धरून ठेवणारी घडी असते. पहिले असे प्रथिन १९९४ मध्ये रताळ्यात सापडले. १९९६ मध्ये पार्सलीतील काही प्रथिनांवरून कुलाला नाव मिळाले. २००० मध्ये रूढ झालेल्या वर्गवारीत पहिल्या गटात दोन बंधक (डीएनएला चिकटणारे) भाग असलेली, दुसऱ्यात एक बंधक भाग असलेली आणि तिसऱ्यात एकच पण वेगळ्या जस्तघडीची प्रथिने येतात. दुसऱ्या गटाचे अ ते उ असे पाच उपगट केले जातात.

या कुलाचा उगम कोठे, यावर एकमत नाही. जिआर्डिया हा आतड्यातील परजीवी आणि डिक्टिओस्टेलियम ही श्लेष्मबुरशी यांच्यातही अशी जनुके मिळाल्याने हे कुल वनस्पतींहून प्राचीन असावे, असे आधी मानले गेले. पुढे वेगळा विचार आला: वनस्पतींशी नाते नसलेल्या अगदी थोड्या जीवांत, तेही विखुरलेले, हे जनुक सापडते, तेव्हा ते वारशाने नव्हे तर आडव्या संक्रमणाने, म्हणजे एका जीवातून नाते नसलेल्या दुसऱ्या जीवात थेट शिरून, तेथे पोचले असावे. हे विखुरलेपण पाहता दुसरे मत अधिक स्वाभाविक वाटते. कुलाच्या अंतर्गत वाढीबाबतही दोन मते आहेत. एका मतानुसार सर्व गट पहिल्या गटातील दुसऱ्या बंधक भागापासून निघाले. दुसऱ्या मतानुसार २-अ व २-आ हे उपगट एका बंधक भागाच्या शैवालातील जनुकापासून स्वतंत्रपणे आले. बंधक भागाला छेदणाऱ्या इंट्रॉनची, म्हणजे प्रथिन बनण्याआधी आरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्याची, जागा येथे उपयोगी पडते. २-अ व २-आ यांत ती जागा एक आहे आणि इतर सर्व गटांत वेगळी. अनुक्रमातील साम्य कालांतराने पुसट होते, इंट्रॉनची जागा मात्र सहसा टिकते. म्हणून प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या मताला झुकते माप दिले आहे.

स्टीव्हियातील कुलांच्या आकाराला आणखी एक इतिहास आहे. सूर्यफूल कुलाच्या पायथ्याशी संपूर्ण जनुकसंचाचे तिपटीकरण झाले. त्याचा काळ बहुधा ३.८ ते ५ कोटी वर्षांपूर्वीचा. सूर्यफुलाच्या वंशात त्यानंतर सुमारे २.९ कोटी वर्षांपूर्वी आणखी एक दुपटीकरण झाल्याचे मानले जाते आणि स्टीव्हियाचा गट त्याच मोठ्या शाखेत येतो. हे आकडे उत्परिवर्तनाच्या गृहीत वेगावर बेतलेले आहेत, तेव्हा ते ढोबळ समजावेत.

मोजणी. स्टीव्हियाची गुणसूत्रे २२, म्हणजे ११ जोड्या. गुणसूत्र-पातळीवर जुळवलेला जनुकसंच २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची लांबी सुमारे १.४ अब्ज आधारकजोड्या (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या) आहे आणि त्याचा मोठा भाग पुनरावृत्त अनुक्रमांनी व्यापला आहे. त्याआधीची गणती पानांतील आरएनएच्या अनुक्रमांवर उभी होती. बंधक भागाचा सांख्यिकीय नमुना (पीफॅम या संग्रहातील क्रमांक: डब्ल्यूआरकेवायसाठी पीएफ०३१०६, एनएसीसाठी पीएफ०२३६५) सर्व प्रथिनांवर लावून कुलाची यादी काढतात. या याद्यांतील आकड्यांवर डोळे मिटून विसंबता येत नाही. आरएनएवरून केलेल्या यादीत त्या वेळी त्या पानात निद्रिस्त असलेले जनुक येतच नाही. उलट, स्टीव्हिया स्वअसंगत आहे, तिला परपरागणच लागते; त्यामुळे झाड विषमयुग्मी असते, म्हणजे त्याला एकाच जनुकाची दोन वेगळी रूपे मिळतात, आणि ही दोन रूपे (युग्मविकल्पी) दोन वेगळी जनुके म्हणून मोजली जाऊ शकतात. दोन अभ्यासांत एकाच कुलाची संख्या वेगळी दिसली की आधी ही दोन कारणे तपासावीत.

बंधन कसे ठरते? डब्ल्यूआरकेवाय प्रथिने डीएनएवरील टीटीजीएसी आणि पुढे सी किंवा टी अशा सहा अक्षरी खुणेला चिकटतात. तिला डब्ल्यू-पेटी म्हणतात. पाच अक्षरे ठाम आणि सहाव्याला दोन पर्याय, म्हणजे एका धाग्यावर ही खूण केवळ योगायोगाने दर २,०४८ जागांत एकदा येईल. दोन्ही धागे धरले तर दर १,०२४ जागांत एकदा. प्रवर्तक म्हणून २,००० आधारकजोड्या घेतल्या, तर सुमारे दोन डब्ल्यू-पेट्या निव्वळ नशिबाने सापडणार. बीएचएलएच प्रथिनांच्या ई-पेटीत (सीए, कोणतीही दोन अक्षरे, टीजी) चारच अक्षरे ठाम असल्याने तेवढ्याच पट्ट्यात सात-आठ खुणा योगायोगाने मिळतात. म्हणून ‘प्रवर्तकात डब्ल्यू-पेटी आहे, सबब नियंत्रण आहे’ हा युक्तिवाद पुरेसा नाही. तो फार वेळा केला जातो आणि त्याने विषयाचे नुकसान होते. प्रथिन व डीएनएचा तुकडा एकत्र जेलमधून संथ सरकतो का, यीस्टमध्ये त्या तुकड्यापुढचे सूचक जनुक जागे होते का, आणि पानात घटक वाढवला किंवा घटवला की ग्लायकोसाइडांचे प्रमाण हलते का, या तिन्ही कसोट्या लागतात. यूजीटी७६जी१ला दाबून ठेवणारा एक डब्ल्यूआरकेवाय घटक अशा प्रयोगांतून पुढे आला आहे. गोडी वाढवायची तर एखादा घटक वाढवण्याऐवजी काढून टाकणे हाही मार्ग असू शकतो, हे त्यावरून सुचते.

जवळच्या नात्यातील पुरावाही मोलाचा आहे. त्याच सूर्यफूल कुलातील आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीत एक डब्ल्यूआरकेवाय घटक आर्टेमिसिनिन या हिवतापावरील औषधाच्या मार्गातील पहिल्या खास विकराच्या प्रवर्तकाला बांधतो, हे २००९ मध्ये दाखवले गेले. ईआरएफ घटकही तेथे जॅस्मोनेट या संरक्षणाशी निगडित संप्रेरकाच्या संकेताने काम करतात. भातात एक बीझिप घटक संरक्षक डायटर्पिनांची जनुके एकत्र चालवतो. आर्टेमिसिनिन मात्र ग्रंथिरोमांत (पृष्ठभागावरील ग्रंथियुक्त केसांत) बनते, स्टीव्हिऑल ग्लायकोसाइडे पानाच्या हरितपेशींत. तेव्हा तुलना जपून करावी.

इतर कुले. एमवायबी कुलातील दोन पुनरावृत्त भागांची (आर२आर३) प्रथिने फ्लॅव्होनॉइड व लिग्निन यांच्या नियंत्रणासाठी सर्वत्र परिचित आहेत. एनएसी घटक पानाच्या वार्धक्याशी व ताणाशी जोडले जातात. एसबीपी कुलावर मिआर१५६ या सूक्ष्म आरएनएचा अंकुश असतो आणि हीच जोडी झाडाला बाल्यावस्थेतून फुलोऱ्याकडे नेते. स्टीव्हिया लघुदिवसीय (दिवस लहान झाल्यावर फुलणारी) असून तिच्या फुलोऱ्यासाठी दिवसाची निर्णायक लांबी सुमारे १३ तास मानतात. कळ्या धरू लागल्या की पानांतील ग्लायकोसाइडांचे प्रमाण उतरू लागते, म्हणून पाने त्याआधी खुडतात.