कुंपणाचे जुने लोखंडी खांब काढणे

काटेरी तारेच्या किंवा जाळीच्या कुंपणाचे लोखंडी खांब जमिनीतून मुळासकट बाहेर काढण्याचे काम. इंदूर परिसरात ते प्रामुख्याने दोन ठिकाणी निघते : रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर अशा वस्त्यांतील जुन्या घरांच्या आवारात, तारेच्या जागी पक्की भिंत घालताना, आणि सांवेर, देपालपूर, महूकडच्या शेतांच्या बांधांवर. खांब निघेल की नाही हे ताकदीवर कमी आणि मातीच्या ओलीवर व ओढीच्या दिशेवर जास्त ठरते. ओढ सरळ वर हवी आणि पकड जमिनीलगत हवी. बहुतेक खांब मोडतात ते ही एवढी गोष्ट न पाळल्यामुळे.

सर्वांत जास्त आढळतो तो अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी. ४० × ४० × ५ मि.मी. मापाचा अँगल मीटरमागे सुमारे ३ किलो भरतो, ५० × ५० × ६ मि.मी.चा साडेचार किलो. खांबाची लांबी ६ ते ८ फूट असते, पैकी दीड-दोन फूट जमिनीत. अनेकदा अँगलचा तळ चिरून दोन्ही पाय बाहेर वाकवलेले असतात; हा फाकलेला पाय मातीत वा काँक्रीटमध्ये जहाजाच्या नांगरासारखा अडकतो. जाळीच्या कुंपणाला जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप असतात. काही जुन्या आवारांत रेल्वेच्या रुळांचे तुकडेही पुरलेले सापडतात. ६० पौंडी रूळ मीटरमागे सुमारे ३० किलो भरतो, तेव्हा ते काम हाताने करण्याचे नव्हे. कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब जवळजवळ नेहमी काँक्रीटमध्ये बसवलेले असतात. ३० × ३० × ४५ सें.मी.चा ठोकळा एकटाच १०० किलोच्या आसपास जातो, म्हणून मधल्या खांबांवरून त्यांचा अंदाज बांधू नये.

माती आणि गंज

माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खांबाभोवती फट दिसते. ही फट फसवी असते : वरची वीतभर माती सुटलेली असली तरी खालची ओलसर माती खांब घट्ट धरून असते आणि मधला थर दगडासारखा कडक झालेला असतो. याच फुगण्या-आकसण्याने खांब वर्षानुवर्षे हलतात आणि तिरके होतात. भर पावसात उलट अडचण येते. चिखल खांबाला चिकटतो, काँक्रीटचा ठोकळा असेल तर त्याच्या तळाशी हवा शिरत नाही आणि ठोकळा खाली शोषून धरल्यासारखा बसतो.

योग्य वेळ म्हणजे सोयाबीन निघाल्यावर आणि गव्हाची पेरणी होण्याआधी, साधारण ऑक्टोबरमध्ये. तेव्हा माती मऊ असते, पण लिबलिबीत नसते. शेत मोकळे असल्याने ट्रॅक्टरही बांधापर्यंत जातो. उन्हाळ्यातच काम करणे भाग असेल तर आदल्या संध्याकाळी खांबाभोवती आळे करून दोन बादल्या पाणी सावकाश जिरवावे आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी पाणी ओतून लगेच ओढायला गेल्यास वर चिखल आणि खाली कोरडे ढेकूळ, एवढेच हाती लागते. महूकडे आणि टेकड्यांच्या उतारावर मातीचा थर पातळ असतो, खाली मुरूम आणि मग काळा खडक. तिथे पाण्याचा फारसा उपयोग होत नाही, पहारीनेच मोकळे करावे लागते.

गंज सर्वांत जास्त लागतो तो जमिनीच्या पातळीपासून खाली दोन-चार इंचांपर्यंत. ओल आणि हवा दोन्ही तिथे मिळतात. वरून रंग शाबूत, खालून खांब सुस्थितीत आणि मधली मान मात्र कागदासारखी झालेली, असे सर्रास दिसते. म्हणून ओढण्याआधी वीतभर माती उकरून मान पाहावी, हातोड्याने ठोकावी. खणखणीत आवाज आला तर ओढता येईल. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर पकड त्या कमकुवत जागेच्या खाली घ्यावी लागेल.

आधीची तयारी

कुंपण हद्दीवर असेल तर सीमांकनाचा प्रश्न आधी मिटवावा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १२९ नुसार तहसील कार्यालयाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. काहीही वाद नसला तरी प्रत्येक खांबाच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर खुंट्या मारून ठेवाव्यात. खांब निघाल्यावर जुनी रेषा सांगणारे दुसरे काही उरत नाही आणि शेजाऱ्यांत तंटा तिथूनच सुरू होतो. शहरात खांबालगत नर्मदेच्या पाण्याची लाइन, गॅसची लाइन किंवा विजेची केबल असू शकते. घराची अर्थिंगची तार खांबाला बांधलेली आहे का, हेही पाहावे.

ताणलेली काटेरी तार एकदम कापू नये. ती उसळून तोंडावर येते. आधी ताण देणाऱ्या टोकाकडून सैल करावी, मग एकेका खांबावरून बांधणीची तार तोडत गुंडाळत जावे. कातडी हातमोजे, जाड तळाचे बूट आणि चष्मा हवाच. गंजलेल्या लोखंडाने जखम झाली तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी त्याच दिवशी करावी.

काढण्याच्या पद्धती

पहिला टप्पा सगळीकडे सारखा : मातीची पकड सोडवणे. पहार (इंदूरचे मजूर तिला सब्बल म्हणतात) खांबाला चिकटून चारही बाजूंनी जितकी खोल जाईल तितकी ठोकावी आणि हलवावी. पहार तळापर्यंत पोचली की ओल्या मातीत हवा शिरल्याचा फुस्स असा आवाज ऐकू येतो. त्यानंतर तोच खांब निम्म्या जोरात निघतो. पाइप असेल तर २४ इंची पाइप पान्याने तो जागच्या जागी फिरवावा. एक पूर्ण फेरा झाला की पकड सुटलीच. अँगल फिरत नाही, तो पुढे-मागे हलवावा लागतो, पण थोडासाच. तो वाकू लागला तर लगेच थांबावे, कारण गंजलेल्या मानेला दोन-तीन वाकणी पुरतात.

हाताने काढण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग साखळी आणि पहार. ८ मि.मी.ची साखळी खांबाला जमिनीलगत फास घालून गुंडाळावी, म्हणजे ओढ वाढेल तसा फास आवळतो. अँगलला तारेसाठी पाडलेली भोके असतात. सर्वांत खालच्या भोकात बोल्ट घालून साखळी त्याच्या खाली अडकवली की ती सरकत नाही. टेकू म्हणून लाकडी ठोकळा घ्यावा, विटा फुटतात. पाच फुटी पहारीचा टेकू साखळीपासून १५ सें.मी.वर ठेवला तर जोर सुमारे नऊपट होतो : ५० किलोच्या दाबाला ४५० किलोची ओढ. खांब चार-पाच इंच वर आला की फास पुन्हा खाली घ्यावा. हे न केल्याने ओढ तिरकी होते आणि खांब भोकाच्या काठावर अडकतो.

काँक्रीटमधील खांबासाठी दोन बाटली जॅक आणि आडवी तुळई वापरावी. ५ टनांचे जॅक पुरतात, पण जॅकखाली फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाड फळी हवी. ती नसेल तर काळ्या मातीत खांब वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. जॅक एका दमात साधारण १२ ते १५ सें.मी. उचलतो, मग ठोकळ्याखाली लाकडे सारून, जॅक उतरवून पुन्हा लावावा. लटकत्या ठोकळ्याखाली हात घालू नये. ठोकळ्याचे वरचे काँक्रीट घणाने फोडून मगच ओढले तर वजन आणि भोक दोन्ही कमी होतात, आणि जुने काँक्रीट गंज फुगल्याने बहुधा आधीच तडकलेले असते.

ट्रॅक्टर असेल तर मागच्या हायड्रॉलिकच्या खालच्या दोन लिंकांमध्ये (अवजार जोडायच्या दांड्यांमध्ये) आडवी पट्टी बसवून, खांब तिच्या थेट खाली येईल असा ट्रॅक्टर उभा करावा आणि फक्त लिफ्ट उचलावी. साखळी बांधून ट्रॅक्टर पुढे हाकणे ही गावोगाव दिसणारी, पण पूर्ण चुकीची रीत आहे. खांब वाकतो, नाहीतर मानेपाशी तुटतो. आणि साखळी ट्रॅक्टरच्या वरच्या भागाला बांधली असेल तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटू शकतो. साखळी तुटली तर तिच्या फटक्यातून सुटका नसते, तेव्हा बाकीच्यांनी साखळीच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर थांबावे. जेसीबी रुळांसाठी ठीक. साध्या अँगलसाठी तो खांब मोडून ठेवतो आणि मागे मोठा खड्डा करतो.

तुटलेला बुंधा

खांब जमिनीखाली तुटला तर फूटभर रुंद खड्डा घेऊन शाबूत लोखंड उघडे करावे आणि त्यावर जाड सळईचे कडे वेल्ड करून तिथून ओढावे. पाइपच्या बुंध्यात आतून सळई घालून दोन भोकांतून आडवा बोल्ट टाकला तरी चालते. ग्राइंडरने जमिनीबरोबर कापून माती लोटणे सोपे असते, पण शेतात ते कधीही करू नये. काळी माती दर पावसाळ्यात सरकते, बुंधा काही वर्षांत वर डोकावतो आणि रोटाव्हेटरची पाती, ट्रॅक्टरचे टायर किंवा बैलाचा खूर त्यावर जातो. जिथे वर पक्की फरशी येणार आहे, तिथे फूटभर खाली कापून सोडणे चालण्यासारखे आहे. जी.आय. पाइप गॅसने कापताना निघणाऱ्या जस्ताच्या पांढऱ्या धुराने ताप आणि अंगदुखी येते, म्हणून कापण्याचे काम उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ करून करावे.

खड्डा त्याच दिवशी भरावा. वाळलेली ढेकळे एकदम लोटली तर पहिल्या पावसात तिथे खळगा पडतो. सहा-सहा इंचांचे थर देऊन, किंचित ओलावून, धुमसाने ठोकत भरावे आणि वर दोन इंच उंचवटा ठेवावा. भिंतीचा पाया जवळ असेल तर काळ्या मातीऐवजी मुरूम वापरावा. निघालेल्या अँगलचा तळाचा गंजका भाग कापला तर उरलेले चार-पाच फूट भाज्यांच्या वेलींच्या मांडवाला किंवा कमी उंचीच्या कुंपणाला पुन्हा लागतात. बाकीचे भंगारात वजनावर जाते. चिकटलेले काँक्रीट आधी फोडून काढावे, कारण भंगारवाला त्याचे वजन वजा करतो आणि तो अंदाज क्वचितच विकणाऱ्याच्या बाजूने असतो.