म्युसो, गियोम

(६ जून १९७४ – ). फ्रेंच कादंबरीकार. जन्म भूमध्य समुद्रकाठच्या आंतिब येथे. आई ग्रंथपाल. एकोणिसाव्या वर्षी काही महिने न्यूयॉर्क परिसरात राहून त्यांनी आइस्क्रीम विकले. सुरुवातीच्या कादंबऱ्यांत ते शहर वारंवार येते, त्याचे मूळ या मुक्कामात आहे. पुढे अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी लिसेत (उच्च माध्यमिक शाळेत) तोच विषय शिकवला.

पहिली कादंबरी स्किदामारिंक (२००१). पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून मोनालिसा चोरीला जाते आणि चित्राचे तुकडे चार अनोळखी माणसांच्या हाती पडतात. ती फारशी गाजली नाही. नंतर बरीच वर्षे दुकानांत मिळतही नव्हती आणि २०२० मध्ये पुन्हा छापली गेली. नाव झाले ते ए आप्रे... (२००४) या दुसऱ्या कादंबरीने. चोविसाव्या वर्षी झालेल्या मोटार अपघातानंतर मृत्यूचा विचार मनात घर करून राहिला, त्यातून ती सुचली. मॅनहॅटनमधला वकील आणि इतरांचा मृत्यू आधीच कळणारा डॉक्टर अशी तिची जोडगोळी. तिच्यावर चित्रपटही निघाला.

२०११ पासून पुढे किमान दहा वर्षे फ्रान्समध्ये वर्षभरात सर्वाधिक खपणारे कादंबरीकार तेच होते. हा खप पारितोषिकांमुळे नाही. गाँकूर हे फ्रान्समधले मानाचे साहित्य पारितोषिक त्यांना मिळालेले नाही. फ्रान्समध्ये ऑगस्टअखेरीपासून शेकडो कादंबऱ्या एकदम बाजारात येतात आणि पारितोषिकांची चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते. म्युसोंची नवी कादंबरी बहुधा वसंतात, मार्च ते मे या काळात येत असे. साधारण त्याच सुमारास आधीच्या कादंबरीची स्वस्त खिसा-आवृत्ती निघे, म्हणजे एक पुस्तक दुसऱ्याची जाहिरात करी. १९८१ च्या कायद्याने नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही. त्यामुळे सुपरमार्केट असो, रेल्वे स्थानक असो वा गल्लीतले दुकान, किंमत जवळपास सारखीच. फरक पडतो तो पुस्तक किती ठिकाणी समोर दिसते याने. २०२० मध्ये टाळेबंदीत दुकाने बंद झाली, तेव्हा मार्चमधले प्रकाशन मेअखेरीस ढकलावे लागले. २०२१ व २०२२ च्या कादंबऱ्या मात्र सप्टेंबरात आल्या.

लेखनाची घडण ओळखीची आहे : छोटी प्रकरणे, माथ्यावर कुणाचे तरी अवतरण, शेवटी अडकवून ठेवणारा प्रश्न. भाषा सपाट असल्याची टीका होते. ती अगदी निराधार नाही, पण रहस्याची गुंफण मात्र पक्की असते.

२०१८ मध्ये त्यांनी एक्सओ हे आधीचे प्रकाशनगृह सोडून काल्मान-लेव्ही धरले. ला ज्यून फीय ए ला न्वी ही तिथली पहिली कादंबरी न्यूयॉर्क सोडून थेट आंतिबला येते. अद्भुताचा अंश आधीच ओसरू लागला होता. येथे सरळ गुन्हेकथा आहे. ए आप्रे...ची चव हवी असलेला वाचक म्हणूनच इथे हिरमुसतो. त्याने २००४ ते २०१० मधली पुस्तके घ्यावीत; ज्याला खून आणि जुनी गुपिते हवीत, त्याने २०१८ पासून सुरुवात करावी.

धाकटा भाऊ व्हालाँतँ म्युसो हेही रहस्यकथाच लिहितात. पुस्तक मागवताना केवळ आडनाव पाहिले तर हमखास चुकते.